भट्टीचा कासरा

चिकलठाणा, औरंगाबाद
२० ऑगस्ट १९८३

श्री. आप्पासाहेब गुरुजी यांना सविनय नमस्कार.

आपली माझी ओळख नाही. आपले चुलतबंधू कडूबा आमच्या ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर मिस्तरी आहेत आणि मी या उन्हाळ्यात इथे व्यवस्थापक म्हणून रुजू झालो. त्यांचे थोरले बंधू सांडू काविळीने गेल्याचे इथेच कामाला असलेल्या तुमच्या गावच्या पुंजारामने काल सांगितले. कडूबांना लिहिता-वाचता येत नाही, घरी आलेली पत्रे आपणच वाचून दाखवता, हेही त्याच्याकडूनच कळले. म्हणून हे पत्र आपल्या नावे, त्याच्याच हाती पाठवत आहे.

कडूबांना कृपा करून एवढे सांगावे की त्यांनी मुळीच घाई करू नये. रजा मी मंजूर केली आहे. भट्टीचे काम आम्ही इथे चालवून घेऊ. मन थाऱ्यावर येईल तेव्हाच त्यांनी यावे. तोवर कारखान्यातून कोणीही त्यांच्या दारी जाऊन त्यांना त्रास देणार नाही. तशी सक्त ताकीद मी सर्वांना दिली आहे.

यामागचा विचारही सांगतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. माझ्या आधीचे साहेब धाकाने काम घेत. घरी मयत झाली तरी चौथ्या दिवशी माणूस बोलावून घेत. मला ती रीत मान्य नाही. पुण्याला माणसांकडून काम कसे घ्यावे याचे शिक्षण मी घेतले, आणि त्यातली एक गोष्ट मनापासून पटली, ती अशी की हुकूम देण्याआधी समोरच्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. तसे मी पाहिले. माझे वडील अनंतराव गेल्या माघात गेले. घरात वडीलधारे दुसरे कोणी उरले नव्हते. कचेरीतले लोक भेटायला आले की मला दाराआड व्हावेसे वाटे. दिवस झाल्यावर एका सकाळी मी एकटाच उठलो, डबा घेतला आणि कामावर गेलो. कोणी काही विचारले नाही, याचे मला फार बरे वाटले. जे मला हवेसे वाटले, तेच माझ्या माणसांना मिळावे, अशी इच्छा आहे.

आपला,
श्रीनिवास

०

करमाड
१ सप्टेंबर १९८३

श्री. श्रीनिवासराव साहेब यांस आप्पासाहेबाचा नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. तेराव्याला सगळे सोयरे ओसरीवर बसलेले असताना मी ते मोठ्यानं वाचलं. रजेबद्दल घरचे सगळे आपले आभारी आहेत.  कडूबाची आई, म्हणजे माझ्या चुलती चतुराबाई, यांनी एवढंच विचारलं की साहेब कुठं राहतात. पुंजाराम म्हणाला, गारखेड्यात. “मंग लांब नाय,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

दिवस व्यवस्थित झाले. सोयऱ्यांनी कडूबाला दुखवट्याच्या पांढऱ्या टोप्या घातल्या. शेताच्या बाजूचं जे करायचं ते भावकीनं केलं. वडीलकीच्या नात्यानं मी स्वतः बैल जुंपले आणि कासरा कडूबाच्या हाती दिला. त्यामुळं सांडूच्या शेताची आता काळजी नाही. कारखान्याच्या बाजूचं आपण जाणताच.

कडूबा सकाळी ओसरीवरच असतो. करमाड जालना रस्त्यालाच आहे. आपल्या फाटकासमोरून पूर्वेकडं निघालेली कोणतीही गाडी इथं थांबते.

आपला,
आप्पासाहेब

०

चिकलठाणा
५ सप्टेंबर १९८३

श्री. आप्पासाहेब गुरुजी यांना नमस्कार.

आपल्या सविस्तर पत्राने मोठा आधार वाटला. शेताची व्यवस्था लागली, हे फार उत्तम झाले. गाड्यांची सोय कळवलीत त्याबद्दलही आभारी आहे. म्हणजे कडूबांना निघावेसे वाटेल तेव्हा अडचण पडणार नाही.

आता पोळा आला. घरचा कर्ता गेल्याला महिनाही झालेला नसताना बैलांना सजवण्याचा दिवस त्यांना किती जड जाईल, याची मी कल्पना करू शकतो. म्हणून त्यांनी मागितली नसतानाही मी रजा पोळ्याच्या पुढे वाढवली आहे. दुःखाचे असे असते, की ते सुरुवातीला गर्दीत बुडून जाते आणि पाहुणे परतले की मग खरे वर येते. नेमक्या त्या वेळी माणसाला एकांत हवा असतो. आम्ही मात्र तेव्हाच त्याला कामाची आठवण करून देतो. ही चूक मी होऊ देणार नाही.

इकडचे म्हणाल तर भट्टी नीट चालत नाही. लोखंडाचा रस ओतण्याजोगा झाला की नाही, हे कडूबा त्याच्या रंगावरून ओळखत. त्यांचा मदतनीस बद्रीनाथ घाबरून कधी लवकर ओततो, कधी उशिरा, आणि निम्मे ओतीव भाग भंगारात जातात. मी स्वतः भट्टीपाशी उभा राहतो, पण मला तो रंग कळत नाही. कुणावर ओरडायचे नाही, हे ठरवलेले आहे. न ओरडता दिवस काढण्यात किती शक्ती जाते, ते आता कळते आहे.

आपला,
श्रीनिवास

०

करमाड
९ सप्टेंबर १९८३

श्री. श्रीनिवासराव साहेब यांस नमस्कार.

आपलं दुसरं पत्रही वाचून दाखवलं.

कडूबाला भट्टी नको झाली आहे, असा आपला समज होऊ नये म्हणून लिहितो. तो रोज दिवस उगवायच्या आत आंघोळ करतो, कारखान्याचे खाकी कपडे घालतो आणि ओसरीवर बसतो. उन्हं चढली की उठतो, कपडे बदलतो आणि बैल सोडून शेतावर जातो. पोळ्याच्या दिवशीही तसाच बसला होता. येणारे-जाणारे बघतात. काही बोलतात. चावडीवर कोणी तरी म्हणालं, “कडूबा, कारखाना तुला इसरला का रं?” 

याहून जास्त लिहिणं मला बरोबर दिसत नाही. काही गोष्टी मागून घेतल्या की त्यांची किंमत राहत नाही.

आपला,
आप्पासाहेब

०

चिकलठाणा
१३ सप्टेंबर १९८३

श्री. आप्पासाहेब गुरुजी यांना नमस्कार.

आपले पत्र पुन्हा पुन्हा वाचले. माणूस कामाचे कपडे घालतो, ओसरीपर्यंत येतो आणि पुढे पाऊल टाकू शकत नाही. याचा अर्थ मी असा लावतो की त्यांचे मन अजून तयार नाही. अशा वेळी त्यांना ओढून आणणे क्रूरपणाचे होईल. पण आता माझ्या हातात फारसे काही उरलेले नाही, ते स्पष्ट लिहितो.

मुंबईच्या मुख्य कार्यालयाचे पत्र आले आहे. या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत कडूबा हजर झाले नाहीत, तर त्यांचे नाव पटावरून कमी करावे आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस घ्यावा, असा आदेश आहे. मी दोनदा मुदत मागितली, तिसऱ्यांदा देणार नाहीत. म्हणून विनंती, की कडूबांना काम करायचे आहे की नाही, हे आपण त्यांना सरळ विचारावे. करायचे असेल तर सोबतच्या अर्जावर त्यांचा अंगठा घेऊन पाठवावा, म्हणजे मला मुंबईशी भांडायला काही तरी आधार मिळेल.

थकलो आहे, हे कबूल करतो. झोप माघापासूनच गेली आहे. काल पुंजाराम म्हणाला, “साहेब, भट्टी रुसलीय तुमच्यावर.” सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर हे सारे माझी पत्नी उमा हिला सांगितले. तिने विचारले, “पत्रं लिहिताय ती ठीक. पण करमाड आहे तरी किती लांब?” मी तिला समजावले, की अंतराचा प्रश्न नाही. त्यांच्या दारी जाणे म्हणजे साहेबाचा दाब टाकणे, आणि ते मी ठरवून टाळले आहे.  तिचा रोख मला कळला नाही.

आपला,
श्रीनिवास

०

खुलताबाद
१६ सप्टेंबर १९८३

श्री. श्रीनिवासराव साहेब यांस नमस्कार.

शिक्षकांच्या शिबिरासाठी मी कालपासून इथं आलो आहे. आपलं पत्र निघता निघता हाती पडलं. ते मी घरी वाचून दाखवलेलं नाही आणि अर्जही माझ्या पिशवीतच आहे. त्या अर्जावर कडूबा अंगठा देणार नाही. का देणार नाही, ते आज सगळं लिहितो. गावात बसून हे लिहिता आलं नसतं. तिथं लिहिलं असतं तर कडूबानंच सांगून लिहवलं असं झालं असतं. त्यानं काही मागितलेलं नाही आणि मी लिहितोय हे त्याला ठाऊकही नाही, एवढं आधी लक्षात घ्यावं. हे पत्र इथल्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती देतो, तो उद्याच शहरात येणार आहे.

शाळेतल्या पोरांना शिकवतो तसं पायरीपायरीनं सांगतो, राग नसावा.

आमच्यात घरचा कर्ता गेला, की मागं राहिलेला माणूस आपल्या पायांनी कामाला लागत नाही. लागला तर लोक म्हणतात, याला भावाचं काहीच नाही. आणि न लागावं तर घर उपाशी मरतं. म्हणून हे ओझं दुसऱ्यानं उचलायचं, अशी रीत पडली. त्या कामात जो वडील असेल त्यानं यायचं, ओसरीवरून त्याला हाताला धरून उठवायचं आणि त्या कामाचं हत्यार त्याच्या हाती द्यायचं. बाहेर काढणं म्हणतात याला. मग जग त्याला नावं ठेवत नाही आणि त्यालाही आपण भावाला विसरलो असं वाटत नाही. शेतापुरतं हे मी केलं. पण कडूबाची खरी भाकरी भट्टीवरची आहे, आणि भट्टीचा कासरा माझ्याकडं नाही. तो आपल्याकडं आहे.

यावरून तेराव्याला म्हाताऱ्यांत वाद झाला. कारखान्याला कुठली आलीय भावकी, असं त्यांचं म्हणणं. कडूबा एवढ्या दिवसांत तेव्हा एकदाच बोलला. म्हणाला, “हाय. तिथं बी माणसंच हायेत. येतीन.” त्यानंतर थोड्याच वेळात पुंजारामनं आपलं पत्र माझ्या हाती दिलं आणि मी ते भर ओसरीत वाचलं.

आता ते पत्र त्या ओसरीला कसं ऐकू आलं, तेही सांगतो. आपण लिहिलंत, काम चालवून घेऊ. ऐकणाऱ्यांना वाटलं, तुझ्यावाचून अडत नाही. आपण लिहिलंत, कोणी दारी येणार नाही. त्यांनी ऐकलं, तुझं आमचं नातं नाही. आपला हेतू मला कळत होता, पण वाचणारा मी एकटा आणि ऐकणारी अख्खी ओसरी. त्या दिवसापासून कडूबा स्वतःचा शब्द राखायला तिथं बसतो. कोणी आलं नाही तर नोकरी जाईल ती जाईल, पण तो गावात खोटा पडेल. त्याला जास्त भीती त्याची आहे.

आपण त्याच्या जागी स्वतःला उभं केलंत, असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. साहेब, तिथं आपणच उभे राहिलात. कडूबा बाजूलाच राहिला. मास्तर म्हणून मी हेच करतो. मला लहानपणी जे अवघड गेलं तेच पोरांना अवघड जात असेल असं धरून शिकवतो आणि ती भलतीकडंच अडलेली असतात. म्हणून हे आपल्याला लागेल असं लिहायचा हक्क मी घेतला.

आठवड्याभरात पितृपंधरवडा लागेल. मग असलं काही करता येत नाही. मुंबईची तारीखही त्याच्या आतच आहे.

आपला,
आप्पासाहेब

०

चिकलठाणा
१९ सप्टेंबर १९८३

श्री. आप्पासाहेब गुरुजी यांना श्रीनिवासचा नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. तुम्ही शिबिरात असल्यामुळे करमाडला काल काय झाले, ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहावे असे वाटले.

पत्र वाचून आधी राग आला. तुम्ही अगोदर का सांगितले नाहीत, असा. मग तुमची जुनी पत्रे काढून पाहिली. तुम्ही पहिल्याच पत्रात सांगितले होते. शेताच्या बाजूचे झाले, कारखान्याच्या बाजूचे आपण जाणता. गाडी कुठून कुठे जाते तेही लिहिले होते. कडूबांना इकडे यायला गाड्या आहेत, असे मी वाचले होते.

परवा दुपारीच सर्वांना बोलावून माझी ताकीद मागे घेतली आणि कारण सांगितले.  मग बद्रीनाथने विचारले, “साहेब, म्हणजे आमाला जायला बंदी तुमी घातली व्हती? आमाला वाटलं मुंबईनं घातली.” मुंबईच्या नावावर ते मला इतके दिवस माफ करत आले होते. सगळी पाळीच यायला निघाली. भट्टी पेटती होती, म्हणून ते शक्य नव्हते. बद्रीनाथने खुंटीवरचे कडूबांचे कातडी हातमोजे काढले. एवढ्या दिवसांत त्यांना कोणी हात लावला नव्हता. तेल लावून, पुसून त्याने ते माझ्याजवळ दिले.

काल सकाळी पुंजारामला स्कूटरवर मागे बसवून निघालो. कारखान्याच्या फाटकावरून पुढे जाताना मनात आले, की याच रस्त्याने आपण एकमेकांना पत्रे पाठवत होतो. तुम्ही लिहिले होते तसेच कडूबा ओसरीवर खाकी कपड्यांत बसले होते. मला पाहून ते उठले नाहीत. चतुराबाई दारात होत्या. समोरच्या ओट्यावर दोन-तीन म्हातारे येऊन बसले.

मी बोलायला सुरुवात केली. काय बोलायचे ते रात्री जुळवून ठेवले होते. आधी माझा हेतू काय होता, मग चूक कुठे झाली, मग यापुढे कारखान्यात काय रीत ठेवणार, असे क्रमाने. पहिल्या भागातच होतो, तेवढ्यात चतुराबाई म्हणाल्या, “साहेब, लई बोलून झालं कागदावर. मोजे द्या.”

मी पुढे झालो. कडूबांचा हात धरला. त्यांनी तो जड सोडला होता, उचलायला मला जोर लावावा लागला. ते उभे राहिल्यावर मोजे त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, घातले, बोटे मिटून पाहिली. समोरच्या ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, “आलं बरं का कारखान्याचं मानूस.” कडूबांनी तिकडे पाहिलेही नाही. पण त्यांची मान ताठ झाली, ती मी पाहिली.

आज ते पहिल्या पाळीला माझ्या आधी फाटकात होते. भंगाराच्या ढिगाजवळ बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “चालवून घेतली व्हय भट्टी? दिसतंय.” एवढेच. दुपारपर्यंत एकही भाग वाया गेला नव्हता. मुंबईला हजेरी कळवली आहे. मुदत इतकी का लांबली, याचा खुलासा त्यांनी मागितला आहे आणि तो कसा लिहावा हे मला सुचत नाही. ओसरी म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागेल. त्याचा काय परिणाम व्हायचा तो होवो.

क्रमाने लिहायची माझी सवय, पण एक गोष्ट मी मागे ठेवली होती. ती करमाडचीच आहे.

मोजे दिल्यावर मी निघालो, तेव्हा चतुराबाईंनी थांबवले. म्हणाल्या, “तुमचे वडील गेले म्हणं माघात. मास्तरनं वाचलं व्हतं.” मी हो म्हणालो. “तुमाला कोणी काढलं बाहीर?”

मी सांगितले, की कोणी नाही. मीच उठलो आणि कामावर गेलो. मला तसेच बरे वाटले होते, असेही सांगणार होतो. पण ते वाक्य तोंडातून आले नाही. कोणी काही विचारले नाही याचे बरे वाटले, असे मी तुम्हाला लिहिले होते. आता आठवते, की त्या दिवशी कचेरीत दुपारपर्यंत मी दाराकडे बघत होतो.

त्या म्हणाल्या, “मंग तुमी अजून बसलेलेच हायेत की, बाबा.”

आत जाऊन त्यांनी एक पांढरी टोपी आणली. तेराव्याला सोयऱ्यांनी आणलेल्यांतली कोरी उरलेली असावी. ज्या बाईचा मुलगा महिन्यापूर्वी गेला, तिच्यापुढे मी डोके वाकवले आणि तिने ती नीट बसवली, कानावरचे केस आत सारले. मग माझा हात धरला. मी उभाच होतो, तरी उठवतात तसा वर ओढला.

“चला,” म्हणाल्या. “दोघं बी कामाला लागा आता.”

घरी दार उमाने उघडले. तिने टोपीकडे पाहिले आणि पाणी आणायला गेली. मी न जेवता आडवा झालो, तो आज सकाळी तिने उठवले तेव्हाच जागा झालो.

तुमचा,
श्रीनिवास